साठ ग्रॅमचा हिशेब

३ फेब्रुवारी

आज आलेलं सामान: मसूर डाळ दोन किलो, बावीस रुपये. अंडी एक डझन, नऊ. त्यातलं एक तडकलेलं निघालं, ते तिथल्या तिथे बदलून घेतलं. शेंगदाणे अर्धा किलो, आठ. दूध आजपासून रोज अर्धा लिटर जास्त, महिन्याला पंचेचाळीस वाढणार. एक जुना काटा, वजनांसकट, पंधरा. काटा बघून हे म्हणाले, "दुकान टाकतेस की काय?"

दुकान नाही. सासूबाईंच्या रक्ततपासणीचा कागद आला. रक्तातलं प्रथिन दोन पूर्णांक आठ आहे, साडेतीन पाहिजे. त्याहून कमी असेल तर मोठे डॉक्टर मांडीच्या सांध्याला हात लावणार नाहीत. जखम भरायची नाही म्हणतात. हे मोठे डॉक्टर इथल्या इस्पितळात चार महिन्यांतून एकदा येतात. आता ४ मेला येतील. ती तारीख हुकली की एकदम सप्टेंबर, आणि तोवर सांधा इतका आखडेल की कापून जोडूनही फायदा नाही. म्हणजे सासूबाई जन्मभर खाटेवर.

नर्सबाईंनी सांगितलं, रोज साठ ग्रॅम प्रथिन पोटात गेलं पाहिजे. मी म्हटलं, मांसमासळी रोज आणणं आमच्या पगारात बसायचं नाही. त्या म्हणाल्या, "आणा म्हणतंय कोण? डाळ, अंडी, दूध, दाणे. घरातलंच द्या, फक्त मोजून द्या."

मोजून म्हटल्यावर मला धीर आला. मोजणं मला जमतं. मॅट्रिकला गणितात बहात्तर होते.

त्यांनी एक छापील तक्ता दिला. शंभर ग्रॅम मसुरात चोवीस, शंभर ग्रॅम दाण्यात पंचवीस, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साडेसहा, असं सगळं. तो ओट्याच्या वर चिकटवला. खालची वीतभर पट्टी जवळजवळ कोरीच होती. ती कापून, चार तुकडे करून, किराण्याच्या याद्यांसाठी डब्यात ठेवली. इतका जाड कागद वाया का घालवायचा?

५ फेब्रुवारी

वहीत नवा रकाना आखला. दुपारी शंभर ग्रॅम शिजलेली डाळ, चोवीस. संध्याकाळी शंभर, चोवीस. एक अंडं, सहा. दूध, साडेसहा. साठ आणि वर अर्धा. भात-पोळी मी धरत नाही, ते वरचं. काटा अगदी मधोमध उभा राहतो तेव्हा मनाला फार बरं वाटतं.

सासूबाई बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, "कारकूनबाई, माझं जेवण पास झालं का? की साहेबांची सही राहिली?"

१२ फेब्रुवारी

सासूबाई सगळं खातात, तोंडाने मात्र शंभर दोष काढतात. आज म्हणाल्या, "रोज मसूर, रोज मसूर. मेले तर पिंडाऐवजी मसूरच ठेव." मी म्हटलं, "आई, असं अभद्र बोलू नका, आणि वाटी पुसून खा, तळाला दोन ग्रॅम राहिलेत."

माझ्या तोंडाचे कोपरे फाटलेत, जांभई देता येत नाही. केसही मूठमूठ निघतात. थंडीमुळे असेल.

व्रताला आज पाच आठवडे झाले. हे इथे लिहून ठेवते, कारण घरात कोणाला सांगितलेलं नाही. जानेवारीत वन्संचं पत्र आलं होतं. नणंद असली तरी किती माया! "वहिनी, आई चालू लागेपर्यंत आपण दोघींनी संध्याकाळचं जेवण सोडू या. देवाला सांगून ठेवू. तुम्ही तिथे, मी इथे." त्यांचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी देवापुढे हात जोडून सोडलं. ह्यांची बसच्या आगारात दुसरी पाळी असते, ते तिथेच जेवतात. सासूबाई बाहेरच्या खोलीत. त्यामुळे कोणाला उत्तर द्यावं लागत नाही.

२४ फेब्रुवारी

दोन पूर्णांक आठ.

एका दशांशानेही हललं नाही. मी नर्सबाईंना म्हटलं, कागद बदलला असेल, दुसऱ्या कोणाचा असेल. त्यांनी नाव दाखवलं. मग विचारतात, "मोजता ना नीट?" मला! वीस दिवसांचे बाराशे ग्रॅम वहीत आहेत, एका दिवसाचीही खाडाखोड नाही. वही बरोबर न्यायला हवी होती.

देवापुढे बसले, पण आज हात जोडवेनात. नुसती बसून राहिले.

२६ फेब्रुवारी

दूधवाल्याशी भांडले. प्रथिन जातं कुठे, तर दुधात पाणी असणार. तो म्हणाला, "बाई, पाणी घालायला आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं कुठे?" शेजारपाजारचे हसले. मी तशीच आत आले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण दूध नासू नये म्हणून आधी तापवलं.

हे म्हणाले, "अगं, आईला पचत नसेल." सासूबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "दगड पचवलेत मी या घरात."

२ मार्च

हे लिहायला हात धजत नाही. पण वहीत खोटं ठेवायचं नाही असं मीच ठरवलेलं आहे.

दुकानात यादी दिली. पट्टीचा शेवटचा तुकडा होता. दुकानदाराने सामान बांधता बांधता तो उलटा केला आणि म्हणाला, "बाई, हे मागे काय छापलंय? औषधाचं आहे का?" बारीक अक्षरात एक ओळ होती. "वरील सर्व आकडे कच्च्या, कोरड्या पदार्थाचे आहेत."

घरी येऊन पन्नास ग्रॅम डाळ तोलली, शिजवली, परत तोलली. दीडशेच्या वर भरली. म्हणजे वाटीत मी चोवीस लिहीत होते तेव्हा आठ होते. साठ लिहीत होते तेव्हा तीससुद्धा नव्हते. चार आठवडे मी सासूबाईंना पाणी तोलून वाढलं, आणि त्या वाटी पुसून खात राहिल्या.

आणि ती ओळ मीच कापली होती. कागद वाचवायला.

ह्यांना सांगितलं. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "आमच्याकडे एकाने तेलाच्या मापाने पेट्रोल ओतलं होतं. होतं असं." आणि वर म्हणाले, "त्याला काढून टाकलं, पण तो वेगळा विषय."

सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. खाटेच्या कडेला बसून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅट्रिकला किती होते म्हणालीस?"

५ मार्च

ओट्याशी जराशी भोवळ आली. काट्यावरच कोसळायची, पण फळीला धरलं. एक वजन घरंगळून सासूबाईंच्या खोलीपर्यंत गेलं. "काय पडलं गं?" म्हणून त्यांनी दहादा विचारलं. "शंभर ग्रॅम," मी म्हटलं.

६ मार्च

सासूबाईंनी हट्ट करून खाट हलवून घेतली. आता ती स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे. म्हणतात, बाहेर करमत नाही. ह्यांनी आणि शेजाऱ्याने मिळून ओढली, फरशीवर दोन चरे उमटले. येता-जाता पाय अडकतो. आता संध्याकाळभर त्यांची नजर माझ्या पाठीवर.

९ मार्च

नवा हिशेब, सगळा कच्चा तोलून: डाळ पन्नास ग्रॅम, बारा. अंडी दोन, बारा. दूध दोन पेले, तेरा. दाणे चाळीस ग्रॅम, दहा. सोयाबीनच्या वड्या पंचवीस ग्रॅम, तेरा. बरोबर साठ. वड्या तक्त्यात सगळ्यात वर आहेत आणि सगळ्यात स्वस्त. हे मला महिनाभर दिसत असून मी घेतल्या नव्हत्या, कारण नाव परकं वाटलं.

सासूबाई पहिल्या घासाला म्हणाल्या, "हे काय, भांडी घासायचा स्पंज शिजवलास?" ह्यांनी एक वडी दाबून बघितली. "आगारात इंजिनला गास्केट म्हणून चालेल." दोघं मायलेक खिदळत बसले. मी वाटून, तिखट-मीठ लावून, परतून दिल्या. मग गेल्या.

संध्याकाळी मात्र सासूबाईंनी अर्धं अंडं आणि निम्म्या वड्या ताटात टाकल्या. "पोट भरलं. टाकू नकोस हो, पाप लागेल." महागाईचं अन्न, टाकणार कुठे? ओट्याशी उभ्याउभ्या मीच संपवलं. व्रत मोडलं का, यावर विचार केला. देवाला मी सांगितलं होतं, ताट वाढून, बसून जेवणार नाही. उभ्याने दुसऱ्याचं उष्टं संपवणं हे जेवण नव्हे. ते नुकसान वाचवणं आहे.

१८ मार्च

रोज संध्याकाळी तेच. सकाळ-दुपार चाटूनपुसून खातात आणि संध्याकाळी निम्मं ताट तसंच. दुधाचाही अर्धा पेला. "पोट भरलं. टाकू नकोस हो." माझा रोजचा हिशेब दहा-बारा ग्रॅमनी बुडतो आणि मला ते संपवावं लागतं, हा वर भुर्दंड.

माझ्या तोंडाचे कोपरे भरून आले. केसही कमी गळतात. सगळी देवाची कृपा. व्रत फळाला येतंय असं दिसतं.

२४ मार्च

तीन पूर्णांक एक! पायऱ्या उतरताना मी रडले. हे म्हणाले, "अगं, लोक बघतायत, त्यांना वाटेल काहीतरी झालं." नर्सबाई म्हणाल्या, चढतंय, पण याच वेगाने तारीख गाठणार नाही. संध्याकाळचं ताट पूर्ण गेलं पाहिजे.

१ एप्रिल

वन्संचं पत्र आलं. बिचाऱ्यांची तब्येत ठीक नाही. लिहितात, परवा शेजाऱ्यांकडे रात्रीच्या मेजवानीला गेले होते, तेव्हापासून पोट इतकं बिघडलंय की दोन दिवस पडून आहे. उपाशीपोटी नुसतं सोबत म्हणून बसायचं, सगळ्यांच्या ताटांचा वास घ्यायचा, पोट बिघडणारच. आणि पुढे लिहितात, वजन वाढल्यामुळे ब्लाउज उसवावे लागतायत. उपासाने सूज येते असं मी ऐकलं होतं, ते हेच असावं. मला एवढासुद्धा त्रास नाही, आणि त्या तिथे आईसाठी झिजतायत. मला स्वतःची लाज वाटली.

७ एप्रिल

चार दिवसांत चार उपाय केले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ताटात निम्मंच वाढलं, म्हणजे टाकायला उरणारच नाही. त्यांनी त्याचंही निम्मं टाकलं. दुसऱ्या दिवशी साठच्या साठ ग्रॅम दुपारपर्यंत द्यायचे ठरवले. तर म्हणाल्या, "मी काय पोतं आहे, भरून ठेवायला?" तिसऱ्या दिवशी वड्यांची पूड करून कणकेत मिसळली, पोळ्या केल्या, सांगितलं नाही. एक खाल्ली, एक ठेवली. "ही तुला. गरम आहे तोवर खा." चौथ्या दिवशी मी ऐंशी ग्रॅमचं वाढलं, निम्मं गेलं तरी भरपाई होईल म्हणून. ह्यांनी वही बघितली आणि म्हणाले, या हिशेबाने महिनाअखेर आपण तिघं तुझा काटा खाऊ.

मी शेवटी हात टेकले. खाटेपाशी उभी राहून बोलले, आवाज चढला तेही कबूल करते. "आई, तुम्हाला चालायचंय की नाही? मी इथे ग्रॅमग्रॅम गोळा करते आणि तुम्ही ताटात टाकता!"

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तू संपवतेस ना? मग वाया कुठे गेलं?"

म्हातारपणी डोकं उलटं चालतं.

१० एप्रिल

तीन पूर्णांक दोन. फक्त एक दशांश. शेवटची तपासणी ३० तारखेला. वीस दिवस उरले.

आणि वर आज माझी शोभा झाली. नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही उभ्या राहा पाहू वजनावर. फेब्रुवारीत तुम्हाला बघून मीच घाबरले होते." मी नको नको म्हणत होते, त्यांनी हाताला धरून चढवलं. फेब्रुवारीतही त्यांनी मला असंच चढवलं होतं, त्यापेक्षा माझं वजन तीन किलो वाढलं आहे. "वा! चेहऱ्यावर तजेला आलाय. काय खाता?" मी म्हटलं, काही नाही, संध्याकाळी तर मी जेवतच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई छताचा पंखा बघत होत्या. नर्सबाई हसायला लागल्या. मला म्हणाल्या, "बाई, वाढलेलं मोजू नका. गिळलेलं मोजा. आणि कोणी गिळलं तेही लिहा."

पेशंट वाळतोय आणि सून फुगतेय. लोक काय म्हणतील?

११ एप्रिल

काल आल्यावर वही काढून बसले. ९ मार्चपासून संध्याकाळी काय काय उरलं आणि मी संपवलं, ते आठवून आठवून मांडलं. रोजचे अकरा धरले तरी साडेतीनशे ग्रॅमच्या वर होतात. मी सासूबाईंच्या रकान्यात लिहिलेले, आणि पोटात माझ्या गेलेले.

आज दुपारी वही घेऊन खाटेपाशी गेले. रागानेच गेले. म्हटलं, "आई, हा बघा आकडा. हे काय आहे ते सांगा."

त्यांनी चष्मा मागितला. आकडा बघितला. म्हणाल्या, "बरोबर आहे. मी अंदाजाने चारशे धरले होते."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"खाट इथे आणल्यापासून महिनाभर बघतेय. एकाही संध्याकाळी तुझं ताट मांडलेलं दिसलं नाही. मी काय आंधळी आहे? वजन घरंगळत आलं त्या दिवशीच मला कळलं, हे वजन पडलेलं नाही, माणूस पडलंय."

मग मला व्रताचं सांगावं लागलं. वन्संचं पत्र, देवापुढे केलेला शब्द, सगळं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या लेकीने सुचवलं? संध्याकाळचं जेवण सोडायचं?" मी हो म्हटलं. "आणि तीही सोडून बसलीये?" मी म्हटलं, "वन्संना फार त्रास होतोय हो त्याचा, अंगावर सूज आलीये." सासूबाईंना जोराचा खोकला लागला. पाणी दिलं तेव्हा डोळे पुसत होत्या. लेकीच्या काळजीने असेल.

मग माझा हात धरला. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, माझा हात त्यांनी असा कधी धरला नव्हता. म्हणाल्या, "ऐक. तू उपाशी राहून मला उभी करणार, आणि मी तुझ्या डोळ्यादेखत चापून खाणार? असल्या पायांवर मला चालायचं नाही. तू ज्या संध्याकाळी ताट वाढून माझ्यासमोर बसशील, त्या संध्याकाळी माझं ताट धुवायचीही गरज पडणार नाही. तोवर निम्मं तुझं."

"पण देवाला शब्द दिलाय, आई."

"तुझा देव एवढा हिशेबी आहे का? तुझ्याकडून शिकला असेल."

संध्याकाळी त्यांनी पुन्हा अर्धं अंडं ताटात ठेवलं. मी ओट्याशी उभी राहिले, पण ते उचललं नाही. ते अर्धं अंडं आणि मी, दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आता ते खाल्लं तर सासूबाईंचे तीन ग्रॅम खाल्ले, न खाल्लं तर टाकलं. व्रत पाळलं तर त्या जेवणार नाहीत, आणि मोडलं तर त्या चालतील कशाच्या बळावर? देवापुढे दिवा लावून विचारलं. देव काही बोलला नाही. मला आज त्याचा थोडा रागच आला.

१२ एप्रिल

सकाळी हे म्हणाले, "मोडून टाक ना, मी देवाला समजावतो." ह्यांच्या शब्दाला तिथे किती वजन आहे, मला ठाऊक आहे.

पण व्रत माझ्या एकटीचं नाही. दोघींनी मिळून घेतलं. एकीने गुपचूप सोडायचं आणि दुसरीने तिकडे उपाशी राहायचं, हे माझ्याने होणार नाही. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "लिही तिला. जरूर लिही. आणि मी विचारलंय म्हणून लिही." आणि पुन्हा तोच खोकला.

पत्र लिहिलं. नक्कल इथे उतरवून ठेवते.

"सौ. वन्सं यांस, सप्रेम नमस्कार. तुमचं पोट आता कसं आहे? अंगावरची सूज उतरली का? आपण दोघींनी जानेवारीत जे ठरवलं, ते मी आजवर पाळलं. तुम्ही तर आजारी पडूनही पाळताय, हे मनाला फार लागतं. पण आईंना ते कळलं आहे, आणि मी संध्याकाळी जेवल्याशिवाय त्याही पूर्ण जेवणार नाहीत असं त्यांनी सांगितलं आहे. शेवटची तपासणी ३० तारखेला आहे. तीन पूर्णांक दोनचे साडेतीन व्हायला रोजचे साठच्या साठ ग्रॅम त्यांच्या पोटात जायला हवेत, आणि आता एकही संध्याकाळ वाया घालवता येत नाही. म्हणून हात जोडून विचारते, आपण दोघींनी मिळून देवाची क्षमा मागून हे व्रत सोडायचं का? त्याऐवजी तुम्ही सांगाल ते दुसरं काहीही मी करीन. साखर सोडीन, चहा सोडीन. तुमच्या इतक्या दिवसांच्या तपश्चर्येवर मी पाणी ओतते असं कृपा करून मनात आणू नका. तुम्ही हो म्हणाल त्याच संध्याकाळी मी जेवीन, आणि तुम्हीही तिथे पोटभर जेवा.

पत्र पोचायला दोन दिवस, यायला दोन. तोवरच्या चार संध्याकाळी मी कशा काढू, मला कळत नाही. लांबलचक लिहू नका, तब्येतीला ताण नको. हो किंवा नाही, एवढंच एका कार्डावर लिहा. मी दोन ताटं घासून, पुसून, ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली आहेत. उलट टपाली कळवा."